सहा-सात लाखांत वेगवान आणि मोठ्या डिकीची गाडी: जुनी ऑक्टाव्हिया घ्यावी का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस भारतात परत आणली. २६५ पीएस ताकद, एक्स-शोरूम किंमत ४९.९९ लाख रुपये आणि अख्ख्या देशासाठी फक्त १०० गाड्या. त्या सगळ्या बुकिंगमध्येच संपल्या. मग रील्स फिरल्या, एक्झॉस्टचा आवाज घुमला आणि मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागला: "दादा, पन्नास लाख काही जमणार नाहीत. पण जुनी ऑक्टाव्हिया सहा-सात लाखांत दाखवतायत. घेऊ का?"

थोडक्यात उत्तर: घ्या, पण ताकद बघून घेऊ नका. जिचा इतिहास तपासता येतो ती गाडी घ्या. या वर्गातली जुनी गाडी स्वस्त दिसते, कारण पुढचा मोठा खर्च विकणारा तुमच्या गळ्यात घालून मोकळा होत असतो. त्यातला बराचसा धोका आज मोबाईलवर पकडता येतो. एक गोष्ट मात्र पकडता येत नाही, आणि तो दोष तुमचा नाही, आपल्या व्यवस्थेचा आहे. तिच्याबद्दल पुढे बोलूच.

इस्टेट म्हणजे काय, आणि आपल्याकडे ती का दिसत नाही?

सेडानचं छप्पर मागे सरळ डिकीच्या टोकापर्यंत ओढलं आणि मागे उभा दरवाजा लावला की झाली इस्टेट. गाडी खालीच बसते, त्यामुळे एसयूव्हीसारखी वळणावर झुकत नाही, आणि सामान मात्र भरपूर मावतं. युरोपात अशा गाडीत मोठं टर्बो इंजिन टाकायची जुनी रीत आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टाव्हियाची वेगवान इस्टेट सेकंडहँड बाजारातली अगदी नेहमीची गाडी आहे. कमी बजेट, घरात लहान मूल आणि पायाला खाज, असा तिचा गिऱ्हाईक.

आपल्याकडे प्रयत्न झाले. १९९२ ची टाटा इस्टेट, मग मारुती बलेनो अल्टुरा, टाटा इंडिगो मरिना, ऑक्टाव्हिया कॉम्बी. एकही टिकली नाही. लोकांना ती 'मागून व्हॅनसारखी' वाटली. त्यात २००६ पासून ४ मीटरपेक्षा लहान गाड्यांना करात सवलत मिळाली, म्हणून लांब गाड्या आणखी महाग पडू लागल्या. आज नवी इस्टेट हवी असेल तर लक्झरी ब्रँडच्या दारात जावं लागतं.

म्हणून आपल्या बजेटमध्ये इस्टेटच्या सगळ्यात जवळ जाणारी गाडी म्हणजे २०१३ च्या शेवटी आलेली तिसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया. दिसायला सेडान, पण डिकी उघडली की मागची काचही सोबत वर जाते. सीट न पाडता ५९० लिटर जागा. त्याच पिढीच्या युरोपातल्या इस्टेटमध्ये ६१०. म्हणजे सीट उभ्या असताना फरक २० लिटरचा, एका मोठ्या पाण्याच्या जारएवढा.

मग या गाड्या स्वस्त का झाल्या?

तीन सरकारी निर्णय एकत्र बघितले की बाजार समजतो.

पहिला, दिल्ली. राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश आणि मग २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांमुळे दिल्ली परिसरात १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला बंदी आली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही, असं ठरलं. कॅमेरे लागले, लोक भडकले आणि काही दिवसांत तो निर्णय पुढे ढकलला गेला. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने फक्त वयावरून मालकांवर कारवाई करू नका असं सांगितलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं.

तिसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया बीएस-४ आहे, म्हणजे कागदावर ती सुरक्षित. पण बाजार कागदावर चालत नाही, भीतीवर चालतो. शिवाय हवा बिघडून तिसऱ्या टप्प्याचे निर्बंध लागले की दिल्लीत बीएस-४ डिझेल गाड्या रस्त्यावर आणता येत नाहीत. त्यामुळे तिकडचा डिझेल ऑक्टाव्हियावाला गाडी काढायच्या मागे असतो, आणि ती ट्रकवर चढून पुण्या-नाशिकच्या एखाद्या यार्डात येते. किंमत बघून आपले डोळे चमकतात.

दुसरा, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आणि मोठ्या गाड्यांवर सेस जाऊन ४० टक्के हा एकच दर आला. नवी गाडी उतरली की जुनीचा भावही खाली येतो. इथे एक गैरसमजही काढून टाकू. डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी ठरला तो पूर्ण किमतीवर नाही, डीलरच्या नफ्यावर. डीलरने ५ लाखांना घेऊन ५ लाख ६० हजारांना विकली, तर कर ६० हजारांवर, म्हणजे १०,८०० रुपये. थेट मालकाकडून घेतली तर हा कर नाहीच. "जीएसटी वाढला म्हणून लाखभर जास्त" असं कोणी म्हणालं, तर फोनचा कॅल्क्युलेटर उघडून त्याच्यासमोर धरा.

तिसरा, ई२० पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई२० वर ६ ते ७ टक्के घटू शकतं, असं निती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात आहे. २०१३ ते २०२० मधली ऑक्टाव्हिया ई२० चे नियम येण्याआधीची. पेट्रोल टाकलं आणि इंजिन गेलं, असं होत नाही. पण रबरी पाइप, सील आणि फ्युएल पंप दर सर्व्हिसला बघून घ्यावे लागतील. झाकणाच्या आतल्या बाजूला कोणतं इंधन चालतं ते लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा.

थोडक्यात, भाव उतरण्यामागे गाडी वाईट असणं हे एकच कारण नाही. धोरणांची धास्तीही आहे. त्यामुळे चांगली गाडीही स्वस्त मिळू शकते आणि खराब गाडीही त्याच भावात गळ्यात पडू शकते. दोघींचे फोटो जाहिरातीत सारखेच चकाचक असतात.

कोणतं इंजिन?

सगळे १.८ टीएसआयच्या मागे असतात. १८० पीएस, ७ गिअरचा डीएसजी. चालवली की हसू येतंच, नाही म्हणणार नाही. पण तिचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. त्यात दोन क्लच असतात, एक विषम गिअरसाठी, दुसरा सम गिअरसाठी, आणि 'मेकाट्रॉनिक' नावाचा भाग त्यांना चालवतो. तेलाची आंघोळ नसल्याने हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकताना हे क्लच तापतात. मेकाट्रॉनिक गेला तर बिल लाखाच्या पुढे जाऊ शकतं. म्हणून ट्रायलमध्ये हायवेला पळवून बघू नका. गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्के बसतात का, चढावर रिव्हर्स घेताना गाडी थरथरते का, ते बघा.

आता ही गोष्ट फार कमी लोक बघतात: १.४ टीएसआयचा टॉर्क २५० एनएम आहे, आणि १.८ चाही २५० एनएमच. ताकद १४० पीएस, पण रोजच्या ओव्हरटेकला लागतो तो खेच दोघींत सारखाच. १.४ सोबत येतो ६ गिअरचा साधा मॅन्युअल. क्लच प्लेट गेली तर खर्च होतो, पण झोप उडत नाही. बजेट घट्ट असेल तर माझं मत स्पष्ट आहे: १.४ मॅन्युअल.

जुनी लॉरा १.८ टीएसआय आणखी स्वस्त दिसेल. तिच्यातलं इंजिन आधीच्या पिढीचं आहे, ऑइल पिण्यासाठी आणि टायमिंग चेनच्या टेन्शनरसाठी बदनाम. ऑक्टाव्हियाच्या १.८ मध्ये हा त्रास बराच कमी झाला, तिथे कूलंट गळतंय का ते बघावं. २३० पीएसची आरएस २०१७ ची आणि २४५ पीएसची २०२० ची. या दोघींत ओल्या क्लचचा, जास्त दणकट डीएसजी आहे, पण गाड्याच इतक्या थोड्या आल्या की सात लाखांत कोणी देत असेल तर काहीतरी मोठं दडलंय असंच धरा.

मोबाईलवर काय काय कळतं?

जाहिरातीत नंबरप्लेट झाकलेली असते. आधी नंबर मागा. नंबर द्यायला कुरकुर करणाऱ्याकडे जाऊच नका.

एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, कितवा मालक, विमा आणि पीयूसीची मुदत, बँकेचा बोजा आणि काळ्या यादीत आहे का, हे दिसतं. जाहिरातीत 'फर्स्ट ओनर' आणि ॲपमध्ये ३, असं असेल तर बोलणं तिथेच संपवा. नोंदणीची तारीख नीट बघा. खासगी गाडीची आरसी १५ वर्षं चालते. २०१५ ची गाडी आज घेतली तर २०३० मध्ये तपासणी आणि नूतनीकरण तुमच्या खिशातून.

मग ई-चलान. राज्याच्या आणि केंद्राच्या, दोन्ही साइटवर बघा. वेगवान गाडीवर स्पीड कॅमेऱ्याची चलानं साचलेली असणं नवल नाही, आणि ती न भरता आरटीओत नाव बदलताना काम अडतं. चलानाचा आणखी एक उपयोग आहे. एक्सप्रेसवेवरची डझनभर ओव्हरस्पीडची चलानं असतील, तर "आजोबा चालवायचे, फक्त देवळापर्यंत" ही गोष्ट तुम्हाला वेगळी ऐकू येईल.

टोकनसाठी क्यूआर कोड आला तर थांबा. स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत. गाडी आणि मूळ आरसी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही नाही.

जे कळत नाही ते: किलोमीटर

आता सुरुवातीला म्हटलेली गोष्ट. ब्रिटनमध्ये गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी सक्तीची असते, आणि प्रत्येक वेळी मीटरचं रीडिंग नोंदवलं जातं. कोणीही सरकारी साइटवर नंबर टाकून फुकटात सगळा इतिहास बघू शकतो. कोणत्या वर्षी किती किलोमीटर, कुठे नापास, कशासाठी. बेल्जियममध्ये तर जुनी गाडी विकताना किलोमीटरच्या नोंदींचं प्रमाणपत्र द्यावंच लागतं. लंडनमध्ये नोकरीला गेलेला मराठी मुलगा ट्रेनमध्ये बसल्या-बसल्या दहा वर्षं जुन्या इस्टेटची कुंडली काढू शकतो.

आपल्याकडे वाहन पोर्टलवर गाडीची जवळपास सगळी कुंडली आहे, पण खरेदीदाराला वर्षागणिक किलोमीटर दिसत नाहीत. म्हणून मीटर मागे फिरवण्याचा धंदा चालतो. ॲप बनवणं अवघड नाही. दर पीयूसीला आणि दर विमा नूतनीकरणाला रीडिंग घेऊन ते सगळ्यांना दाखवायचं, एवढंच करायचंय. जुन्या गाड्यांच्या डीलरना नोंदणी सक्तीची करणारे नियम १ एप्रिल २०२३ पासून आले, ते चांगलं झालं. पण किलोमीटरची नोंद सुरू होत नाही तोवर खरेदीदार अंधारातच आहे.

अंधारात टॉर्च: ओबीडी डोंगल

स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथ डोंगल लावून मोबाईलवरच्या ॲपने गाडीचा कॉम्प्युटर वाचता येतो. हजार-दीड हजारांत चालण्यासारखा डोंगल मिळतो.

फक्त 'फॉल्ट कोड नाही' बघून खूश होऊ नका. कोड पुसायला दहा सेकंद लागतात. बघायचं ते असं: 'कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले' आणि 'रेडिनेस मॉनिटर' पूर्ण आहेत का. गाडी आपल्या यंत्रणा चालता-चालता स्वतः तपासते, आणि कोड पुसले की ती तपासणी शून्यापासून सुरू होते.

मागच्या पावसाळ्यात मित्रासोबत एक १.८ टीएसआय बघायला गेलो होतो. मीटरवर ६२ हजार, सीट नव्यासारखे. डोंगल लावला तर कोड पुसून ९ किलोमीटर झालेले, मॉनिटर अपूर्ण. डीलर म्हणाला, "बॅटरी बदलली ना साहेब." असं होऊ शकतं, बॅटरी काढली तरी मॉनिटर रिकामे होतात. म्हणून आम्ही भांडलो नाही. म्हटलं, "दोन दिवस चालवा, साठ-सत्तर किलोमीटर होऊ द्या, आम्ही परत येतो." त्यावर त्याला एकदम दुसरा गिऱ्हाईक आठवला. आम्ही चहा पिऊन निघालो. मित्राचे पैसे वाचले की नाही ते कधीच कळणार नाही, पण जे उत्तर हवं होतं ते मिळालं.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत आणखी एक सोय आहे. साठवलेल्या फॉल्टसोबत बऱ्याचदा त्या वेळचे किलोमीटरही नोंदलेले असतात. त्या ब्रँडसाठीचं ॲप वापरलं आणि जुना फॉल्ट ९४ हजारांवरचा दिसला, मीटर मात्र ६२ हजार सांगतंय, तर विषय संपला.

बाकी डोळे आहेतच. टायरवरचा चार आकडी कोड आठवडा आणि वर्ष सांगतो. काचेवरच्या तारखा एकमेकींशी जुळतात का ते बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, खाली चिखलाची रेघ असेल तर गाडी पाण्यात होती. २०१९ ला कोल्हापूर-सांगली आणि २०२१ ला चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं होतं, आणि तिथल्या सगळ्या गाड्या काही भंगारात गेलेल्या नाहीत.

पैशांचा हिशेब

समजा तुमच्याकडे ७ लाख आहेत. मग ७ लाखांची गाडी बघू नका, साडेपाचची बघा. उरलेल्या दीड लाखात नाव बदलणं, विमा, चार टायर, पूर्ण सर्व्हिस आणि पहिल्या वर्षाचा एक मोठा दणका धरा. दणका आलाच नाही तर उत्तम, गोव्याला जाऊन या. पण कर्ज काढून पूर्ण सात लाख गाडीत घातले, तर पहिल्याच मोठ्या बिलाला गाडी सोसायटीत धूळ खात उभी राहते आणि हफ्ता चालू राहतो. असं झालेली मुलं मी बघितलीत.

दिल्लीची गाडी घेत असाल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स हिशेबात धरा. कायद्याने बाहेरच्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. ज्या आरटीओत नोंदवणार तिथे आधी विचारा, विशेषतः १० वर्षांवरचं डिझेल असेल तर. स्वस्ताईतला बराच भाग इथेच विरघळतो.

कागद, म्हणजे खरी चावी

फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर ३५, बाहेरच्या राज्यासाठी २८. घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. "विमा चालू आहे, टेन्शन नको" यावर विसंबू नका. पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर असेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

विकणाऱ्यालाही हे सांगा. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, मग गाडी कितीही हातांतून गेलेली असो. १८० पीएसची गाडी अनोळखी माणसाच्या हातात आणि नाव तुमचं, हा विचार केला की कोणीही लगेच सही करायला येतो.

माझा क्रम असा: आधी कागद, मग डोंगल, मग ओळखीचा मेकॅनिक, आणि सगळ्यात शेवटी ट्रायल. आपण नेमकं उलटं करतो. आधी चालवतो, टर्बोचा ढकला पाठीला लागतो आणि मग कागदांकडे प्रेमाने बघतो. सर्व्हिसची सगळी बिलं असलेली, ९० हजार चाललेली १.४ मॅन्युअल आणि बिलाविना ५० हजार दाखवणारी १.८, दोघी एकाच किमतीत समोर आल्या तर पहिली घ्या. दुसरीचा पन्नास हजार हा आकडा फक्त विकणाऱ्याच्या तोंडचा आहे.